नळी मधोमध नसते

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो, दोन बटणांवरची अक्षरं पुसली गेली आहेत. पण गणित अजून चोख आहे.

कारखान्यात माझे भाग जोडले गेले तेव्हा वाटलं, कुठल्यातरी कचेरीत पत्रं टाइप करण्यातच जन्म जाणार. पण मी आलो रुग्णालयाच्या तळमजल्यावर, संशोधन करणाऱ्या बाईंच्या खोलीत. ज्यांना महिनोन्‌महिने औषध द्यायचं असतं, त्यांच्या दंडातल्या शिरेत एक मऊ नळी घालून ठेवतात. त्या नळीभोवती रक्त कसं वाहतं, ते मी गणित करून पडद्यावर दाखवायचो. वेगाने वाहणारं लाल, रेंगाळणारं निळं. रक्त रेंगाळलं की गुठळी व्हायची भीती.

बाई रोज नेमाने आधी मला पुसायच्या, मगच सुरू करायच्या. डॉक्टर माझी चित्रं पाहून मान डोलवायचे. खरं सांगतो, मी जरा फुगलोच होतो.

एकदा नऊ वर्षांची एक मुलगी दाखल झाली. डाव्या हातातली नळी गुठळीने बंद पडलेली. उजवा हात तेवढा उरला होता आणि औषध सहा महिने चालायचं होतं. जाड नळीतून ते तासाभरात जातं, बारीक नळीतून दोन तास लागतात. डॉक्टरांनी शिरेचं माप पाठवलं. मी दुपारभर राबलो आणि सांगून टाकलं, जाड नळी चालेल. निळा ठिपकासुद्धा नव्हता.

अहवाल न्यायला वॉर्डातल्या सिस्टर आल्या. नळ्या घालण्यात त्यांची वीस वर्षं गेलेली. पडद्याकडे बघून त्या हसल्या.

"बाई, ही नळी मधोमध कशी हो उभी? वर्गात शिक्षा झाल्यासारखी."

"मधोमध धरली की गणित सोपं जातं, सिस्टर."

"गणिताला जाईल हो. शिरेत ती एका बाजूला टेकून पडते, सुट्टीतल्या माझ्या लेकासारखी. सोनोग्राफीत रोज बघते मी."

बाई हळूच म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारता डॉक्टरांना. नळी घालतो आम्ही."

बाईंनी नळी भिंतीला टेकवली आणि मी पुन्हा गणित मांडलं. जाड नळीलगतच्या फटीत गडद निळा पट्टा उमटला. बारीक नळीपाशी तो जेमतेम केसाएवढा होता. डॉक्टरांनी बारीक नळी निवडली.

वर वॉर्डात मुलगी कुरकुरली, "दोन तास बसून माझी चटई होईल."

"होऊ दे की. मी तुझ्यावर बसून चहा पिईन," सिस्टर म्हणाल्या.

सहा महिने ती नळी एकदाही अडली नाही. औषध पुरं झालं, नळी निघाली आणि मुलगी उजव्या हातात स्वतःचं दप्तर घेऊन घरी गेली.

आता माझ्याहून कितीतरी वेगवान संगणक आले आहेत. मी कोपऱ्यात झाकून असतो. विद्यार्थी आले तरच जागा होतो. त्याची खंत थोडी आहे, पण बाई नव्यांपुढेही पहिली खुर्ची सिस्टरनाच देतात, हे पाहून जीव निवतो.

मित्रांनो, मला हात नाहीत. मी कुणाची शीर कधी चाचपलेली नाही; तुम्ही सांगाल तेच मी खरं धरतो. म्हणून आम्हाला धुळीपासून जपा, पाण्यापासून जपा. आणि आमच्या चुकीपासून माणसाला जपा.