खोड चार बोटं ओलं

ऐक ना नुपूर, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक!

आमची नानी रत्नागिरीहून इथं कतारला आलीये ना, ती दोन महिने अल मुंतझाच्या फ्लॅटमध्ये नुसती खिडकीशी बसून. रोज एकच, "मला पाठव गो माहिरा, इथं माझं काय काम?" शेवटी अम्मीने रविवारचं तिकीट काढलं. मला तर रडूच आलं. म्हटलं, जायच्या आधी हिला एकदा तरी हसवायचं. शुक्रवारी उचलली आणि नेली उत्तरेला, खारफुटीच्या जंगलात, कयाकिंगला!

गाइड तिला बघून म्हणतो, "आंटी किनारे पे बैठेगी."

"का रे, होडीला माझं वय कळतं?" म्हणाली आणि सलवार-कमीजवर लाइफ जॅकेट चढवून पुढच्या सीटवर बसली पण!

आत गेलो तर दोन्ही बाजूंना नुसतं हिरवंगार. कोण म्हणेल कतार! इतक्यात नानीने वल्हं आडवं धरलं. "थांब. ते खोड बघ. पाण्याच्या वर चार बोटं ओलं आहे. पाणी उतरतंय, मागं फिर."

मी गाइडला सांगितलं, तर तो हसला. "अभी एक घंटा है. फ्लेमिंगो नहीं देखना?" बाकीच्या पाचही कयाक त्याच्या मागे गेल्या. मला फ्लेमिंगो बघायचे होते गं! पण नानी वळून माझ्याकडे बघत होती. मी कयाक फिरवली.

दहा मिनिटं झाली असतील, मागून आरडाओरडा! सगळ्यांच्या कयाक चिखलात रुतलेल्या, गाइड खाली उतरला तर गुडघ्यापर्यंत आत.

"उतरो मत रे कोई!" नानी ओरडली. मला म्हणते, "चल." चिखलाच्या कडेला आलो, तर हिने एक गुडघा कयाकमध्ये टेकला, दुसरा पाय बाहेर, आणि चिखलाला रेटा दिला. मीही तसंच केलं. सुळ्ळकन सरकली कयाक! "लहानपणी फळीवरून असंच जायचो, चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या काढायला," म्हणाली. मग एकेकाला शिकवलं. "कमर नीचे! यल्ला, धक्का मार!" हे अरबी 'यल्ला' कधी शिकली कोण जाणे! गाइडसकट सगळे तिच्या मागे रांगेत, बदकाच्या पिल्लांसारखे, थेट पाण्यापर्यंत. काय टाळ्या वाजल्या!

गाइड म्हणाला, "आंटी, अगले फ्रायडे आओगी? प्लीज?"

नानीने लाइफ जॅकेट काढून त्याच्या हातात दिलं. गाडीत बसली, पाय चिखलाने भरलेले, माझ्या सीटची वाट लागली. अर्ध्या रस्त्यात हळूच म्हणते, "पुढच्या शुक्रवारी भरती किती वाजता गो?"

नुपूर, मी गाडी पेट्रोल पंपावर घेतली, फोन काढला आणि रविवारचं तिकीट महिनाभर पुढे ढकललं. व्हिसा आहे तेवढा. अम्मीला विचारलंसुद्धा नाही! नानीने बघितलं आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत हसली.

आता अम्मी माझ्याशी बोलत नाहीये. पण तूच सांग, तू काय केलं असतंस?