गवताला गूळ

कोडोलीचा गुऱ्हाळवाला सयाजी गुळाच्या बाबतीत कुणाचं ऐकायचा नाही. त्याच्या सुनेनं, अनुजानं, हत्तीगवताच्या कांड्या लावण्याआधी गुळाच्या पाण्यात जिवाणूंची पुडी कालवून त्यात बुडवल्या, तेव्हा तो खेकसला, "म्हशीच्या वैरणीला गूळ पाजतीस व्हय?"

पण ते गवत डोक्याच्या वर गेलं. शेजारचं, कांड्या न बुडवता लावलेलं, कमरेलाच अडलं. "ही आमच्या गुळाची ताकद हाय!" असं सयाजी गावभर सांगत सुटला. पुढच्या लावणीला त्यानं गुपचूप नुसत्या गुळाच्या पाण्यात कांड्या बुडवल्या. मुंग्यांची जत्रा भरली, पण गवतानं काही अंग धरलं नाही.

शेवटी तो सुनेकडं गेला. अनुजा हसली. "आबा, गूळ फक्त पुडीतलं जिवाणू कांडीला चिकटायला. मुळापाशी राबत्यात ते जिवाणू. हवेतला नत्र घेऊन गवताला भरवत्यात."

सयाजीनं उंच गवताच्या बुडातली मूठभर माती उचलली, डोळ्यांजवळ नेली. काहीच दिसेना. मग ती त्यानं अलगद होती तिथं ठेवली.

"आयला," तो म्हणाला, "एवढं गडी माझ्या रानात राबत्यात, आन् एकानंबी चहा मागितला न्हाय!"