वीस बाजूंच्या फाशाला कट्टी

बोंडअळीच्या सालातली गोष्ट. मुकुटबनला रविवारी दुपारी बंद गॅरेजात आमचा खेळ बसायचा. शाळेतल्या नाहिद मॅडम गोष्ट सांगायच्या, आम्ही त्यातलं एकेक पात्र व्हायचं. पात्राचं जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. पडलेला प्रत्येक आकडा मी वहीत टिपायचो. कोण फाशाला फुंकर मारतो, कोण हरल्यावर "हात हलला" म्हणतो, तेही. माणूस तिथंच कळतो.

एकदा फासा कॉम्प्रेसरखाली गेला तो गेलाच. मग आमच्यातच खेळणारे कापसाचे व्यापारी इम्तियाजभाई फोनवरचा फासा घेऊन आले. "आता फुंकरबिंकर बंद. बटन दाबा, आकडा पाहा. मशीन है, बेइमानी नाही करत."

मॅडमनी मात्र राक्षसांसाठी स्वतःचा जुना काळा फासाच ठेवला.

त्या रविवारी आमच्यातल्या निकिताच्या सोनकीवर बेतलं. सोनकी म्हणजे जंगलातली वाटाडी. निकितानं तिला अकरा महिने जगवलं होतं. आता ती दरीवर एका वेलाला लोंबकळत होती. पंधरा किंवा वर आले तर वाचणार. नाहीतर मॅडम तिचा कागद फाडणार, आणि मेलेलं पात्र आमच्यात परत येत नसे.

निकितानं डोळे मिटून बटन दाबलं. तेरा.

"मॅडम, थांबा ना!"

"नियम तुलेच सगळ्यात पाठ आहे, निकिता." मॅडमनी कागद उचलला.

सोनकीच्या नावावर रेघ मारायला मी वही उघडली आणि हात थबकला. फोन आल्यापासून तीन रविवार झाले, पानभर आकडे, पण त्यात एकही एकोणीस नाही, एकही वीस नाही. आणि मागच्या रविवारी बंटीपुढे चक्क शून्य. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो, फोनलेही बंटी ओळखू आला म्हणून.

"फाडू नका मॅडम!" मी ओरडलोच. "वीस बाजूंच्या फाशावर शून्य कुठं असते?"

बंटीनं फोनवर झडप घातली, इकडंतिकडं बोटं मारली आणि मोठ्यानं वाचलं, "प्रत्येक आकड्यातून वजा दोन!"

"इम्तियाजभाई, हे काय?"

इम्तियाजभाईंनी दाढी खाजवली. "अरे, पहिल्याच दिवशी फोननं इचारलं, अधिक की वजा, किती? हात रोजच्यासारखा चालला. कापसाची कट्टी कापतो तसाच, ओलाव्याचे दोन किलो, क्विंटलमागं."

गॅरेजात एकच गलका झाला. निकिता खुर्चीवर उभी राहिली. "माया बाबाच्या कापसात कट्टी कापता, आन् आता माया फाशातबी? फाशाले कायचा ओलावा?"

"फुंकर मारता ना तुमी लोक!"

मॅडमलाही हसू आवरेना. त्यांनी कागद निकितापुढं सरकवला. "तेरा आन् दोन?"

"पंधरा!" सगळे एकदम. बंटीनं तेलाचा डबा बडवला. सोनकी वेल धरून काठावर चढली, आणि समोर राक्षस उभा. मॅडमनी काळा फासा मुठीत घेतला, तसा निकितानं त्यांचा हात धरला.

"न्हाई मॅडम. आता राक्षसाचाबी फोनवर टाका. कट्टी राहू द्या तशीच."

इम्तियाजभाई लगबगीनं फोन घेऊन पुढं आले. "चार करू का?"