डावा खांदा

तुरुंगातून आलेल्या भाचीच्या पत्राला मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र थंडीत आलं होतं. आता पंखा लावल्याशिवाय दुकानात बसवत नव्हतं. विसरले म्हणावं, तर तसंही नाही. कापड अंथरून खडूची पहिली रेघ ओढली की पत्र आठवायचं. उद्या लिहू, असं ते स्वतःला सांगत. गिऱ्हाइकांना जन्मभर ‘उद्या नक्की’ सांगत आलेल्या शिंप्यानं तोच वायदा स्वतःलाही करावा, यात नवल ते काय?

पत्रात फार काही नव्हतं. सात वर्षांपैकी चार सरली होती. चांगल्या वागणुकीमुळे उरलेली शिक्षा माफ होण्यासारखी होती, पण घरच्या कुणीतरी लेखी द्यायला हवं होतं, की मुलीला आमच्याकडे ठेवून घेऊ आणि काम देऊ. तिची आई, म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण, दिराच्या आश्रयानं राहत होती. तिथे या मुलीला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. ‘म्हणजे मामा, तूच उरलास,’ तिनं लिहिलं होतं. ‘मी काही केलंच नाही, असं मी म्हणत नाही. शर्ट कुणासाठी शिवतेय हे मला माहीत होतं. ते लोक रखवालदारकाकांना फक्त कोंडून ठेवतील असं वाटलं होतं. नाही म्हणालास तरी चालेल, पण काहीतरी कळव. उन्हाळा संपताना समिती बसते.’ खाली सही होती, ‘बटण’.

लहानपणी याच दुकानात तिनं एक बटण गिळलं होतं. सगळं घर रडकुंडीला आलं असताना तिचे आजोबा शांतपणे म्हणाले होते की सापडलं तर धुऊन परत लावू, गिऱ्हाईक ओळखीचं आहे. तेव्हापासून ती सगळ्या गल्लीची बटण झाली. तिचे वडील गेल्यावर मास्तरांनी तिला हाताखाली घेतलं. तिच्या हातात जात्याच सफाई होती. एकोणीस वर्षांची झाली तेव्हा मास्तर तिच्यावर दुकान टाकून दुपारी निवांत जेवायला घरी जात.

अशाच काही दुपारी तिनं त्या लोकांसाठी तीन शर्ट शिवले. ते लोक कोण, हे तेव्हा गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. नंतर वर्तमानपत्रांनी त्यांना अतिरेकी म्हटलं आणि ते खोटं नव्हतं. बटणला मात्र त्यांनी पुस्तकं दिली होती, सभेत बोलावलं होतं. तिथे तिला कुणी बटण म्हणत नसे. पूर्ण नावानं हाक मारत आणि आधी तिचं मत विचारत. आपण तिचं मत कधी विचारलं होतं, हे आठवायचा मास्तरांनी पुष्कळ प्रयत्न केला. अस्तराचा रंग कोणता घेऊ, यापलीकडे त्यांना काही आठवलं नाही.

गल्लीच्या टोकाला खाणीतल्या सुरुंगांची दारू ठेवायचं सरकारी गोदाम होतं. तिथल्या रखवालदारांचे खाकी कपडे मास्तरांकडेच शिवत, त्यामुळे मशीनवर खाकी कापड दिसलं म्हणून कुणाला शंका आली नाही. एका संध्याकाळी तिघे जण खाकी घालून गोदामाशी आले. पाळी बदलायला वरून पाठवलंय म्हणाले, हात उचलून सलाम केला. फाटकावरच्या रखवालदारानं कपडे पाहिले आणि कुलूप काढलं. त्याला त्यांनी कोंडलं नाही. डोक्यात गज घातला. तो फाटकातच गेला.

तिघांपैकी दोघे आजतागायत सापडले नाहीत. तिसरा अंगावरच्या शर्टासकट सापडला, आणि त्या शर्टानं बटणला धरून दिलं. मास्तरांच्या वडिलांपासून या दुकानाची एक रीत होती. पहारा करणाऱ्या माणसाला हात सारखा वर करावा लागतो, तेव्हा शर्ट पट्ट्यातून ओढला जाऊ नये म्हणून बगलेत एक तिकोनी तुकडा आतून घालायचा. त्याला वेळ जातो, वरून दिसतही नाही. बाकीचे शिंपी असली उठाठेव करत नसत. बटणनं चोरून शिवलेल्या शर्टातही तो तुकडा घातला होता, तिन्ही बाजूंनी दुहेरी टीप मारून. तो वगळायला तिचा हातच धजला नसावा.

कोर्टात सरकारी वकिलानं शर्ट उलटा केला, बगल दाखवली आणि विचारलं, हे काम कुणाचं? असं काम पुष्कळ जण करतात, एवढं म्हणता आलं असतं. मास्तर म्हणाले, “आमच्या दुकानचं.” पुढचा प्रश्न यायच्या आत म्हणाले, “टीप माझी नाही. भाचीची आहे.”

ते खरं होतं. खऱ्यासारखं दुसरं काही नाही, असं लहानपणापासून ऐकलं होतं; पण खरं बोलून आल्यावर माणसानं घरी कसं जायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

पत्र आलं त्याच सुमाराला मास्तरांच्या हाताला काहीतरी झालं. आधी बँकेतल्या कॅशियरचा कोट. डावा खांदा पडतोय, अशी त्याची तक्रार. मास्तरांनी हसून उसवला, नीट केला. मग शाळेच्या हेडमास्तरांचा सदरा, तोच खांदा. मग एका नवऱ्या मुलाचा लग्नाचा कोट. त्यानं आरशात पाहून विचारलं, “मास्तर, लग्नाआधीच वाकलोय का मी?” दुकानातले सगळे हसले. मास्तरांनी वही काढून मापं पुन्हा पाहिली. त्यांनी टेप दोनदा लावली होती, खडूची रेघ सरळ होती, पण कापून, जोडून अंगावर चढवलं की डावा खांदा अंगठाभर खाली.

तसा खांदा गल्लीत एकाचाच होता. फाटकात मेलेला तो रखवालदार वर्षानुवर्षं काठी डाव्या खांद्यावर टाकून चालत असे. त्याचे कपडे कापताना मास्तर तो अंगठा हिशेबात धरत, लिहून ठेवायची कधी गरज पडली नाही.

एका भर दुपारी एक गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशापुढे पाठमोरं उभं होतं. मास्तर सुईत दोरा ओवत होते. सहज मान वर करून त्यांनी विचारलं, “घरी वहिनी बऱ्या आहेत ना?”

“कोण वहिनी?” गिऱ्हाइकानं वळून विचारलं. कुणी अनोळखी तरुण होता, अजून लग्न न झालेला.

त्यानंतर मास्तरांनी आरशावर कापड टाकलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, पारा उडालाय. पडद्यामागे खिळ्याला रखवालदाराचा थंडीतला कोट टांगलेला होता, मरायच्या आधी अस्तर लावायला दिलेला. तो न्यायला कुणी आलं नव्हतं आणि मास्तरांनीही पोचवला नव्हता. पडद्यामागे जायचं ते टाळू लागले.

शेजारच्या इस्त्रीवाल्याला पत्राची कुणकुण होती. त्याचं मत सरळ होतं. मुलगी गोड आहे, आपल्या कडेवर खेळलेली आहे, सगळं मान्य. “पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही मास्तर, काळ सोकावतो. आज हिला लवकर सोडलं तर उद्या दुसरी शिवेल.” मास्तरांना ते पटलं. मग बहीण आली आणि तिचंही पटलं.

बहीण पाण्याचा पेलाही न घेता बोलायला लागली. ती नुकतीच तुरुंगात जाऊन आली होती. आत त्या लोकांच्या गटातल्या दोन बायका होत्या. त्याच बटणची वेणी घालत, आजारी पडली तर उशाशी बसत, तिचे अर्ज लिहून देत. बाकीच्या कैदिणी तिच्याशी बोलत नसत. आत गेली तेव्हा पोरीला त्यांचं अर्धंमुर्धं कळत होतं, आता सगळं पढवून घेताहेत, असं बहीण म्हणाली. आणखी तीन वर्षांनी जी बाहेर येईल ती आपली नसेल, त्यांची असेल.

“तिनं केलं ते केलंच ना पण?” मास्तर पुटपुटले.

“केलं. मी कुठे नाही म्हणते? पण दादा, कोर्टात तोंड उघडायला तुला क्षण लागला नाही. आता चार ओळी लिहायला हात जड झाला होय?”

बहीण निघताना दारात थांबली. आरशावरचं कापड तिनं पाहिलं, पण विचारलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पडद्यामागचा कोट काढला, झटकला, घडी घातली आणि रखवालदाराच्या घरी गेले. चार घरं सोडून असलेल्या त्या घराकडे इतकी वर्षं त्यांनी मान वर करून पाहिलं नव्हतं.

रखवालदाराची बायको स्वयंपाकघरात नळाचा वॉशर बदलत होती. पाणी उडत होतं. मास्तरांना पाहून ती दचकली नाही. “आलाच आहात तर ही बादली धरा,” म्हणाली. मास्तरांनी कोट खुर्चीवर ठेवून बादली धरली. नळ थांबल्यावर तिनं हात पुसले आणि मग कोटाकडे पाहिलं.

“अस्तर लावलंत?”

“तेव्हाच लावलं होतं वहिनी. दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते.”

तिनं बाहीत हात घातला, अस्तर कोपरापर्यंत चाचपलं, हात बाहेर काढला. मग कोट आत नेऊन ठेवला आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा मास्तरांनी अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत पत्राचं सांगितलं. तुमचं मन असेल तसं करू, असंही म्हणाले.

“म्हणजे मला विचारायला आलात.”

“हो.”

“मग नका विचारू. ती आत बसली म्हणून माझं माणूस परत आलं नाही, बाहेर आली म्हणून येणार नाही. तुमचं ओझं आहे मास्तर. माझ्या डोक्यावर ठेवून मोकळे होऊ नका.”

मास्तर उठले. पायांत चप्पल सरकवत होते तेव्हा ती मागून म्हणाली, “तसले तीन शर्ट शिवायला किती वेळ लागतो?”

हा धंद्यातला प्रश्न होता. मास्तरांनी धंद्यातल्यासारखं उत्तर दिलं. “चोरून, मी जेवायला जायचो तेवढ्यात म्हणजे... चार-पाच दुपारी.”

“ह्यांची दुपारपाळी होती. त्याच वेळेला तुमच्या दुकानावरून जायचे. तिला हाक मारल्याशिवाय पुढे जात नसत. काय बटण, चहा झाला का? रोज.” ती दाराच्या चौकटीला टेकली. “चार-पाच दुपारी त्यांनी हाक मारली असणार. मांडीवर ते खाकी घेऊन ती काय म्हणाली, ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय. मान वर केली का? झाला म्हणाली का? कोर्टात विचारायला उठले, तर मला बसवलं. तुरुंगात भेटायचा अर्ज केला, नात्यातल्या नाही म्हणून परत आला. एवढी मोठी शिक्षा दिलीय म्हणतात, आणि तिला हे एक कुणी विचारलेलं नाही.”

मास्तरांनी अर्धवट सरकवलेली चप्पल नीट घातली.

“माफबिफ करणार नाही मी,” ती म्हणाली. “चहाही विचारणार नाही. पण आली तर मला सांगा.”

त्या दिवशी मास्तरांनी दुकान उघडलं नाही. फळी अर्धी लावून कापायच्या टेबलावर कागद घेऊन बसले. पहिल्या कागदावर वयाबद्दल लिहिलं; एकोणिसाव्या वर्षी माणसाला पूर्ण मापाचं धरावं की शिवण सोडून ठेवावी, असं काहीतरी. वाचून लाज वाटली, फाडला. दुसऱ्यावर कोर्टातल्या साक्षीचं समर्थन केलं, तोही फाडला. तिसऱ्यावर नुसती माया उतू गेली. खोटी नव्हती, पण रखवालदाराच्या बायकोनं वाचली असती तर काय म्हणाली असती, हे मनात आलं आणि तोही गेला. चौथा कागद पुढे ओढला तेव्हा ऊन टेबलावरून उतरलं होतं.

‘बटण,

समितीला हवा तो कागद सोबत आहे. तुला इथे ठेवून घेईन आणि काम देईन. कोर्टात बोललो ते मागे घेणार नाही. तुझी शिक्षा योग्य होती का, हे चार वर्षं विचार करूनही मला सांगता येत नाही. थोडी असती तर कमी वाटली असती, आहे ती जास्त वाटते. पण तिथे राहून ती पुरी होईल असं मला आता वाटत नाही.

तू इथे आलीस की रखवालदाराच्या घरच्या वहिनी तुला भेटायला येणार आहेत. शर्ट शिवत होतीस त्या दुपारी त्यांच्या नवऱ्यानं तुला चहा झाला का विचारलं, तेव्हा तू काय म्हणालीस, हे त्यांना ऐकायचं आहे. मी मध्ये पडणार नाही, तुला आत लपवणारही नाही. आधीच कळवतो, म्हणजे फसवून बोलावलं असं व्हायला नको. हे सोसायची तयारी असेल तर ये. नसेल तरी कागद पाठवलेला आहे, तो परत मागणार नाही.

मामा’

पोस्टाची खिडकी बंद व्हायच्या बेतात होती. कारकुनानं पाकीट वजनाला घातलं, वरचा तुरुंगाचा पत्ता वाचला, एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि शिक्का मारून पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. पिशवी कधी निघते, असं मास्तरांनी विचारलं. गाडी येईलच एवढ्यात, तो म्हणाला, तुमचं काम झालं, तुम्ही गेलात तरी चालेल.

पण मास्तरांचा स्वतःवर भरवसा नव्हता. अर्ध्या वाटेवरून परत येऊन पाकीट मागायला त्यांना वेळ लागला नसता. म्हणून ते बाकावर बसून राहिले. गाडी आली. एका माणसानं पिशवीचं तोंड आवळलं, गाठ मारली आणि ती उचलून गाडीत फेकली. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत मास्तर तिथेच बसले होते.