चार मीटरांना हळदीकुंकू

नवीन जालन्यातल्या भाड्याच्या घरी सामान उतरताच गिरिधर फोन घेऊन जिन्याखाली गेला. जुन्या भाडेकरूचं वीजबिल आपल्या माथी बसू नये, म्हणून त्याला आजच्या रीडिंगचा फोटो हवा होता. तिथं चार मीटर होती, नाव एकावरही नव्हतं, आणि चारींच्या आकड्यांवर ओलं हळदीकुंकू होतं.

"आपलं कोणतं ते कळेना, म्हणून सगळ्यांनाच लावलं," मागोमाग खाली आलेली त्याची बायको शरयू म्हणाली. "गृहप्रवेशाला भेदभाव कशाला?"

गिरिधरनं रुमालानं आकडे पुसले, तरी काही उलगडा होईना. शेवटी शरयूनं वर जाऊन घरातला मेन स्विच बंद केला, तसा तिसऱ्या मीटरचा लुकलुकणारा दिवा थांबला. गिरिधरनं घाईनं फोटो काढला. तेवढ्यात खालच्या घरातून आसराबाई पिठाचे हात झटकत आल्या.

"भाऊ, आमची गिरणी बंद पडली ना."

"पण मी तर माझं मीटर शोधत होतो, मावशी."

"मंग बराबर सापडलं," त्या समजुतीनं म्हणाल्या. "चार वर्षं झाली, गिरणी त्याच्यावरच चालून राह्यली. बिल चुकून बी आमच्याकडं आलं न्हाई."

गिरिधर फोटोकडे बघत राहिला. आकडा अगदी स्पष्ट आला होता.