सात कुप्या, सात साड्या

हिंदी मुलखातल्या रिसालीच्या मारोतराव फुंडे यांनी पोलाद कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं लेबलं लिहिली. निवृत्तीनंतर हातात मार्कर आणि समोर मोकळा वेळ, अशी धोकादायक जोडी जमली. त्यांनी भिंतीवर लावायला वंशावळ काढली. भंडाऱ्याकडचे फुंडे, अकरा पिढ्या, त्रेसष्ट पुरुष. बाई एकही नाही. हे त्रेसष्ट जण जन्मले कसे, हा किरकोळ तपशील जागेअभावी गाळला होता.

मुलगी नूतन पीएच.डी. करत होती, तीही वंशावळीवरच. फक्त मेफ्लाय नावाच्या किड्याच्या. त्याची पिल्लं महिनोन्‌महिने ओढ्यात वाढतात, पंख फुटले की दिवसभरात कारभार आटोपतात. सात जाती घ्यायच्या, प्रत्येकीच्या मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम वाचायचा आणि कोण कोणाच्या जवळची ते ठरवायचं.

"पंख फुटल्यावर तो खातच नाही. तोंड कामाचं राहत नाही," नूतन म्हणाली.

आई अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं. "काही काही जातींवर देवाची कृपा असते."

"आणि हा मायटोकॉन्ड्रिया म्हंजे?" मारोतरावांनी विचारलं.

"पेशीचं पॉवर हाउस, बाबा. सिर्फ आईकडून येतो."

"आन बापाकडून?"

"कुछ नहीं."

मारोतरावांनी विज्ञानाला आणखी एक संधी दिली. "मंग तुह्यं हे नाक कोनाचं हाये?"

"नाक दूसरे डिपार्टमेंट से आता है."

सात ओढ्यांतली पिल्लं अल्कोहोलच्या सात कुप्यांत घालून नूतननं घरच्या फ्रीजमध्ये ठेवली. एका ओढ्याची एकच जात, एकच कुपी. सोमवारी कुरियरनं हैदराबादच्या प्रयोगशाळेत जायची होती. ओढे आटत चालले होते; ही खेप हुकली तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबणं आलं.

शनिवारी मारोतरावांनी फ्रीज उघडला. कुप्यांच्या आत कागदाची चिटोरी, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं. स्टोअरमध्ये पेन्सिलीचं लेबल म्हणजे चौकशी लागायची. त्यांनी चिमट्यानं चिटोरी काढली, तोच मजकूर पर्मनंट मार्करनं सुरेख अक्षरात नव्या कागदांवर उतरवला, ते कागद आत सोडले आणि जुनी चिटोरी पाणी तापवायच्या बंबात जाळली. काम पक्कं.

रविवारी सकाळी सातही कुप्यांत फिकट निळं पाणी आणि कोरे कागद होते.

"बाबा! अल्कोहोलमध्ये शाई विरघळते! म्हणूनच तर पेन्सिल असते!" नूतन खाली बसली. "अब कौन सी किधर की, कैसे पता चलेगा? पूरा साल गया."

"मी तं सुधरवून राहिलो होतो," मारोतराव म्हणाले. "मार्करच्या डब्बीवर पर्मनंट लिवलं हाये. कंपनीवर केस करता येते."

अन्नपूर्णाबाई पदराला हात पुसत आल्या. "काहून रडून राहिली वं? धागे तर हायेत ना?"

प्रत्येक कुपीच्या गळ्याला धागा होता. फ्रीजमध्ये कुप्या लोणच्याशेजारी होत्या. कोणी चुकून किडे ताटात वाढू नये म्हणून बाईंनीच बांधले होते.

"पन कोनता धागा कुठला?" मारोतरावांनी विचारलं.

"त्या दिवशी जे लुगडं नेसली होती, त्या रंगाचा. पोरीले एकटी सोडत नव्हती मी, डब्बा घेऊन सोबत जात होती. हिरवी म्हंजे शिवनाथ नदीचा नाला. जांभळी, खारूनकडचा. तिथं शेवाळावर पाय घसरला होता."

नूतननं फोन काढला. प्रत्येक ओढ्यावर आईचा फोटो होता, तारखेसकट. पाच कुप्या दहा मिनिटांत ओळखल्या. उरल्या दोन, दोन्हींचे धागे पिवळे.

"हे दोनी सारखेच हायेत," मारोतराव समाधानानं म्हणाले.

बाईंनी धागे उजेडात धरले. "हा हळदी. हा लिंबू. हळदी शेजारच्या टीनाच्या लग्नातली, लिंबू सिंधू मावशीनं देल्ली होती." फोटोत तसंच निघालं. नूतननं सातही कुप्यांत पेन्सिलीची चिटोरी घातली, आणि सोमवारी कुरियर गेलं.

चार महिन्यांनी अहवाल आला. सातही जाती जिथल्या तिथं. ज्या दोन पिवळ्या धाग्यांच्या होत्या, त्या जाती एकमेकींच्या सर्वांत जवळच्या निघाल्या. मारोतरावांनी शेजाऱ्यांना सांगितलं की, लेबलांचं काम आमच्याच घरी झालं. ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी ते वंशावळीसमोर उभे राहिले आणि बायकोला हाक मारली.

"कावं, तुह्या मायचं नाव सिंधू होतं ना?"

"सिंधू मावशी. माय तुळसाबाई."

"आन तिच्या मायचं?"

बाईंनी आठवून पाहिलं. "मले नाही माहीत. कोनी कुठं लिवलंच नाही."

मारोतराव खिशातला मार्कर चाचपत राहिले. मग म्हणाले, "नूतन, तुह्याकडची पेन्सिल दे बरं जरा."