दादाची खानदानी विहीर

आमच्या भागात नवी घरं वाढली तशा विहिरी खाली खाली गेल्या. कोणाकडे किती पाणी उरलंय आणि ते पिण्याजोगं आहे का, हे बघायला पाणी तपासणाऱ्या बाई येणार होत्या. ज्यांच्या विहिरी आटल्या, त्यांना आधी नळ मिळणार होता.

वहिनीला नळ हवा होता. गुडघे बोलत असूनही ती कोपऱ्यावरून बादल्या आणायची. आमची विहीर केव्हाच आटली होती, पण दादा लोकांना सांगायचा, "विहीर विश्रांती घेतेय."

बाईंनी विहिरीत टेप सोडला. तो ओला होऊन वर आला आणि वहिनीचा चेहरा उतरला.

"शेजारी सगळं कोरडं ठणठणीत, आणि तुमच्याकडे कमरेएवढं पाणी?"

"खानदानी विहीर आहे. आजोबांनी खणलेली," दादा मिशीवर हात फिरवत म्हणाला.

बाईंनी काचेच्या नळीत पाणी घेऊन गोळी टाकली. पाणी गुलाबी झालं.

"बघा, रंगसुद्धा खानदानी."

"काका, हा रंग क्लोरीनचा. नळाच्या टाकीत घालतात ते औषध. आजोबांनी घातलं होतं का?"

माझं लक्ष फाटकाकडे गेलं. टँकरच्या चाकांच्या ओल्या खुणा होत्या, आणि खांबाचा टवकाही उडाला होता.

"म्हणून सकाळी मला बहिणीकडे पिटाळलंत," वहिनी म्हणाली.

"तुला भेटायचं होतं ना तिला."

"ती परवाच येऊन गेली की."

बाई कठड्यावर बसल्या. "थांबते मी. खाली पाणी असेल तर हे टिकेल. नसेल तर जमीन पिऊन टाकेल."

जेवणं होईपर्यंत जमिनीने बरंचसं पिऊन टाकलं. उन्हं कलली तेव्हा तळाचा चिखल दिसला. दादा असा वाकून बघत होता, जणू विहिरीनेच त्याला तोंडघशी पाडलं.

"आटलेली, असं लिहू ना, काका?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. ती गुडघा चोळत होती.

"लिहा," तो म्हणाला. "पुढे कंसात विश्रांती लिहा."

नळ आला. पहिला पेला दादाने भरला, चव घेतली, आणि मला म्हणाला, "काही म्हण, अगदी आपल्या विहिरीसारखं."

"असणारच," वहिनीने बादली नळाखाली सरकवली. "तुमचा टँकर याच टाकीवर भरला होता."